व्हेलला मारलेली हाक

"म्हैसबी सुतकात बसली वाटते," शांताकाकू म्हणाली आणि बोडीवर, गावच्या तळ्यावर, धुणं धुणाऱ्या बाया हसल्या. मग पाळीवर, तळ्याच्या बांधावर, मी उभी आहे हे कुणाला तरी दिसलं. हसणं एकदम थांबलं. सगळ्या जणी मान खाली घालून कपडे पिळायला लागल्या.

मोठी आई, त्यांनी थांबायला नको होतं. मलाही हसूच येत होतं. बोडीच्या मधोमध तुझी भुरी बसली होती. पाण्याबाहेर फक्त शिंगं, कान आणि नाकपुड्या. गावातल्या बाकीच्या म्हशी कधीच निघून आपापल्या गोठ्यात गेल्या होत्या. ही मात्र लग्नाच्या पंगतीत रुसून बसलेल्या पाहुणीसारखी पाठ करून बसलेली. काठावरून मोठे बाबा "हट, चाल, निघ" करत होते. त्यांचा तो आवाज बैलांसाठीचा आहे, म्हशीला तो पटत नाही. भुरीनं एक कान हलवला, नाकातून फुर्र केलं, पाण्याचे शिंतोडे उडाले. ते पाहून मला जे आठवलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगायचं? दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, मोठी आई गेली आणि पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. मला तो व्हेल आठवला.

तू गेल्यापासून घरात तुझ्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. येणारा प्रत्येक माणूस सांगतो, किती कष्टाळू होती, किती शांत होती, कधी उलटून बोलली नाही. मी दाराशी बसून ऐकते आणि वाटतं, हे लोक चुकून दुसऱ्याच घरी आले आहेत. शांत? तू? व्हेल पाहायला जाताना विमानात समोरच्या माणसानं खुर्ची मागे पाडली तेव्हा त्याच्या टकलावर बोट ठेवून, "भाऊ, माह्या मांडीवर झोपाचं आहे का?" असं विचारणारी तू? तो माणूस कुठल्या देशाचा होता देव जाणे, पण त्यानं खुर्ची सरळ केली. मी तेव्हा खिडकीबाहेरच्या ढगांकडे इतकं मन लावून पाहत होते, जशी मी तुझ्यासोबत नव्हतेच.

खरं तर मी तुझ्यासोबत कशासाठी होते, हा प्रश्न त्या सगळ्या प्रवासात मला पडला होता. दादानं, तुझ्या मुलानं, परदेशातून बोटीची तिकिटं काढली. आईबाबांना बर्फाचे डोंगर दाखवायचे, व्हेल दाखवायचे, असं त्याच्या मनात फार दिवसांपासून होतं. मोठ्या बाबांनी फोनवरच सांगून टाकलं, "पऱ्हे टाकाचे दिवस आहेत. मी बरफ पाहाले आलो तं धान कोन पाहीन?" मग तूच ठरवलंस, "नेहाले घेऊन जातो. तिले इंग्रजी येते."

मला इंग्रजी येते, हे खरं आहे. बोलता मात्र कुठल्याच भाषेत येत नाही. गोंदियाच्या शाळेत वर्गात मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, गल्लीत सगळे हिंदी बोलायचे, पुस्तकातली मराठी वेगळी आणि सुटीत गावी आलं की तुझी बोली वेगळी. कुठे काय बोलायचं ते ठरवता ठरवता मी गप्प बसायला शिकले. तुला ते कधी समजलं नाही. "इंग्रजी शाळेत बोलाले शिकवते का चूप बसाले?" असं तू तुझ्या दिराला, माझ्या बाबांना, विचारायचीस, तेही मी समोर असताना.

तिकडे उतरल्यावर विमानतळावर काचेमागच्या अधिकाऱ्यानं विचारलं, कशासाठी आलात. सोपा प्रश्न.  पाठ केलेलं वाक्य मला आठवेना. तू माझ्याकडे पाहिलंस, त्याच्याकडे पाहिलंस, दोन्ही हात डोक्यावर नेऊन डोंगर केलास, मग अंगावर शहारा आणून दाखवलास आणि म्हणालीस, "बरफ पाहाले आलो." तो हसला आणि शिक्का मारला. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "चांगला होता बिचारा. त्याले बोलाले कोनी भेटत नसन."

त्या मोठ्या जहाजावर तुझ्या ओळखी झाल्या तेवढ्या माझ्या कॉलेजच्या सगळ्या वर्षांत झाल्या नाहीत. पदराखाली लोणच्याची बरणी घेऊन तू जेवायला यायचीस. उकडलेल्या बटाट्यावर, पावावर, एकदा तर केकच्या बाजूलाही आंब्याची फोड ठेवली होतीस. शेजारच्या टेबलावर दुर्बीण गळ्यात अडकवलेली एक गोरी म्हातारी एकटीच बसायची. दुसऱ्या दिवशी तिच्या ताटातही फोड होती. तिचे डोळे पाण्यानं भरले, नाक लाल झालं आणि तिनं आणखी एक मागितली. त्यानंतर तुम्ही दोघी डेकवर शेजारीशेजारी बसून तासन्‌तास बोलायचात. तू तुझ्या भाषेत, ती तिच्या. मी मध्ये बसले की तुमचं बोलणं अडायचं, कारण मी अर्थ सांगायला लागायचे.

ज्या सकाळी बर्फाचा डोंगर दिसला त्या सकाळी तू कधी नव्हे ती गप्प झालीस. स्वेटरवर स्वेटर, त्यावर दादाचं जाकीट, खाली नऊवारीचा काठ आणि कॅनव्हासचे बूट. समोर समुद्रात उतरलेली बर्फाची भिंत. मग कठड्याला टेकून तू विचारलंस, "हे निळं काऊन वं?"

ध्वनिक्षेपकावरून बाई समजावून सांगत होती, ते मी तुला सांगितलं. बर्फ फार जाड असला, वर्षानुवर्षं दबलेला असला की प्रकाशातले बाकीचे रंग त्यातच मुरतात, फक्त निळा बाहेर येतो. तू लक्ष देऊन ऐकलंस आणि म्हणालीस, "नीळ जास्त पडली असन." माझ्या चेहऱ्याकडे पाहून लगेच म्हणालीस, "आयकलं मी. मस्करी करून राहिली. तू हसतच नाई, तं कोनीतरी हसवा लागन ना."

मग तो कडकडाट झाला. आधी आवाज आला, आभाळ फाटल्यासारखा, आणि नंतर भिंतीचा मोठा तुकडा सावकाश सुटून पाण्यात कोसळला. डेकवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. तुझा चेहरा बदलला. "कोनाचं घर पडलं तं टाळ्या वाजवते का लोकं?" तू मला म्हणालीस आणि पदर पुढे ओढून उभी राहिलीस, जशी गावात कुणाची मयत समोरून जाताना राहायचीस. मग दादाकडे वळून म्हणालीस, "पाय रे, आपली नेहा शहाणी. तिनं नाई वाजवली."

मोठी आई, मी शहाणी वगैरे नव्हते. मला चारचौघांत टाळ्या वाजवायलाही लाज वाटते, एवढंच. पण तू मला शहाणी म्हणालीस ते मी तसंच ठेवून घेतलं. अजून ठेवलेलं आहे.

आता व्हेलचं. ही गोष्ट तू गावात इतक्यांदा सांगितलीस की पाळीवरच्या दगडांनाही पाठ असेल. पण प्रत्येक वेळी तू ती तुझ्या बाजूनं सांगितलीस. एकदा माझ्या बाजूनं ऐक.

त्या दिवशी आपण मोठं जहाज सोडून एका छोट्या बोटीत बसलो होतो. बोट हलत होती म्हणून दादा आत पिशवी तोंडाशी धरून बसला होता आणि वहिनी त्याची पाठ चोळत होती. बाहेर कठड्याशी तू, मी आणि ती दुर्बीणवाली म्हातारी. बोटीवरच्या माहिती सांगणाऱ्या बाईनं इंजिन बंद करायला लावलं आणि सगळ्यांना शांत राहायला सांगितलं. ती बोलत गेली तसं मी तुझ्या कानात सांगत गेले. व्हेल हा मासा नाही. तो हवेत श्वास घेतो. मादी पिल्लाला दूध पाजते. बराच वेळ पाण्याखाली राहतो, मग श्वासासाठी वर येतो, तेव्हा नाकातून फवारा उडतो.

"दूध पाजते?" तू विचारलंस.

"हो."

"सास घ्याले नाक वर काढते?"

"हो."

"मंग मासा कायले म्हनते? म्हैस होय ते."

मी म्हटलं, हळू बोल, शांत राहायला सांगितलंय. आपण वाट पाहिली. पाणी काळं, सपाट. लोक श्वास रोखून उभे. खूप वेळ काहीच झालं नाही. तुझी चुळबुळ सुरू झाली. "असं चूप राहून कोन येते घरी?" तू म्हणालीस. मी तुझा हात धरला, कारण तुझ्या खांद्यांची ती हालचाल मला ओळखीची होती. पण उशीर झाला होता. तू कठड्याला पोट टेकवलंस, एक हात तोंडाशी धरलास आणि त्या परक्या, बर्फाच्या समुद्रावर आपल्या बोडीवरची हाक मारलीस. तीच, रोज संध्याकाळी भुरीला मारायचीस ती. आधी खालच्या आवाजात, आणि शेवटचा "ये" असा ओढलेला की पलीकडच्या वस्तीपर्यंत, टोलीपर्यंत, जायचा.

सगळी बोट तुझ्याकडे वळली. माहिती सांगणाऱ्या बाईचं तोंड उघडंच राहिलं. मी डोळे मिटून घेतले. मला त्या पाण्यात उडी मारावीशी वाटली, गार असलं तरी चाललं असतं.

आणि मग फुस्स असा आवाज आला. डोळे उघडले तर समोर, अगदी समोर, फवारा. ओली काळी पाठ वर आली, उन्हात चमकली, वळली. तिच्या बाजूला दुसरी, लहान पाठ. शेवटी शेपूट वर आलं, त्यावरून पाणी ओघळलं आणि सगळं परत आत गेलं. लोक ओरडत होते. तू ओरडली नाहीस. तू अगदी सहज मागे वळलीस आणि म्हणालीस, "वासरू घेऊन आली. आता शांतीनं पाहा."

यावरून आपलं भांडण सुरू झालं ते कालपरवापर्यंत चालू होतं. मी म्हणायचे, तो योगायोग होता. त्याला श्वास घ्यायला वर यावंच लागतं, तू हाक मारली नसतीस तरी आला असता. तू म्हणायचीस, "मंग तुमी इतका वेळ चूप बसले होते तवा काऊन नाई आला?" मी म्हणायचे, म्हणूनच तर म्हणते, तेव्हा त्याची वेळ झाली नव्हती. तू म्हणायचीस, "वेळ कोनाची होते वं? आवाज द्या लागते." दर रविवारी फोनवर भात-वरण काय केलं ते झालं की आपण इथे यायचो. मी इंटरनेटवर वाचून नवीन मुद्दे काढायचे. तुझा मुद्दा एकच होता.

शेवटचं बोलणंही त्यावरच झालं, म्हणून मला ते शब्दाशब्दानं आठवतं. मी म्हटलं, "हे बघ, भुरीसुद्धा तू हाक मारली नाहीस तरी कधीतरी बोडीतून निघेलच ना?" मला वाटलं, आता तुला पकडलं. तू जराही थांबली नाहीस. "निघन ना. हाक नाई मारली तं नुसती पान्यातून बाहेर निघन. हाक मारली म्हनजे घरी येते."

मी म्हटलं, हा काही पुरावा नाही. तू म्हणालीस, चहा उतू चालला, ठेवतो. फोन ठेवलास. तेवढंच.

एक गोष्ट मात्र मी तुझ्यापासून राखून ठेवली होती. व्हेल आत गेल्यावर त्या दुर्बीणवाल्या म्हातारीनं माझा दंड धरून काहीतरी विचारलं होतं, आणि तू मला विचारलंस, "काय म्हनली?" मी म्हटलं, छान दिसला म्हणते. ती तसं म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, "तुझ्या आईनंच बोलावलं ना त्याला?" हे तुला सांगितलं असतं तर भांडण त्याच दिवशी संपलं असतं, आणि मग रविवारी आपण काय बोललो असतो? हे कारण मी आत्ता शोधून काढलं, हे तुला लगेच कळलं असतं. तेव्हाचं कारण एवढंच की मला हरायचं नव्हतं.

आता इकडचं सांगते. तू गेलीस त्या संध्याकाळी भुरी बोडीत होती आणि तिला बोलवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती येईनाशी झाली. सकाळी चरायला जाते, दुपारी उन्हाची पाण्यात बसते, आणि बाकीच्या निघाल्या तरी ही निघत नाही. शांताकाकूनं हाक मारून पाहिली. भुरीनं तिच्याकडे असं पाहिलं की काकू म्हणाली, "माही सासूबी असं पाहात नव्हती." शेवटी अंधार पडायच्या आत मोठे बाबा पँट गुडघ्याच्या वर करून दोर घेऊन पाण्यात उतरतात. त्यांच्या गुडघ्यांचं तुला माहीत आहे. परवा चिखलात त्यांचा पाय घसरला. पडले नाहीत, शिंगाला धरलं म्हणून वाचले. त्या रात्री जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "तेरवी झाली का भुरीले सौंदडले पाठवून देऊ. तिच्या माहेरून आली होती, तिच्या माहेरी जाईन. आता इथं कोनाचं आयकते ते?"  दादा ताटाकडे पाहत राहिला. मीही.

पण भुरी गेली तर त्या घरात संध्याकाळ कशी होईल, मोठी आई? तुझी हाक ऐकू आली की मोठे बाबा खुर्ची अंगणात आणायचे. समोरच्या घरचे लोक चहाचं आधण ठेवायचे. आता मोठे बाबा खुर्ची आणतात, परत आत नेतात. चहा कधी तरी होतो, कधी होतच नाही. म्हैस गेली म्हणजे हाकेची गरजही संपली. मग ती हाक कुणालाच आठवणार नाही, आणि मला ते चालणार नव्हतं.

म्हणून काल दुपारी मी एक करून पाहिलं. हसू नकोस. माझ्या फोनमध्ये त्या दिवसाचा व्हिडिओ आहे. त्यात व्हेल नाही. तू हाक मारलीस तेव्हा लाजेनं माझा हात खाली गेला, म्हणून त्यात माझे बूट आहेत, तुझे बूट आहेत, तुझ्या लुगड्याचा काठ आहे. पण आवाज आहे. तुझी पूर्ण हाक आहे, मग फुस्स, मग लोकांचा गलका. बोडीवर कुणी नाही असं पाहून मी पाळीवर गेले, आवाज मोठा केला आणि फोन पाण्याकडे धरला.

भुरीचे दोन्ही कान उभे राहिले. ती उठली. खरंच उठली, पाठीवरून पाणी ओघळलं, अगदी त्या व्हेलसारखं. काठाकडे चार पावलं आली. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिनं पाळीवर पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी दिसले. मी तिच्या कामाची नव्हते. मी व्हिडिओ परत लावला, तेव्हा तिनं कानही हलवला नाही. वळली आणि मधोमध जाऊन बसली.

मी मोहाच्या झाडाखाली बसून रडले. तू गेल्यावर पहिल्यांदा. खाली फुलं पडली होती, दोनचार तोंडात टाकली, गोड लागली, मग आणखी रडू आलं. बाकी कुणी नव्हतं म्हणून बरं. पण रडून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. नुसता आवाज कामाचा नाही. हाक मारणारं माणूस काठावर पाहिजे.

आणि आज मी काठावर आहे. शांताकाकू आणि बाया कपडे पिळून झाले तरी उगाच पिळताहेत. त्यांना पाहायचं आहे पुढे काय होतं ते. मोठे बाबा खाली वाकून पँटचा काठ दुमडताहेत. दोर त्यांच्या खांद्यावर आहे. माझ्या खिशात फोन आहे आणि त्यावरचा हात मी काढून घेतला आहे.

मोठी आई, भांडण मिटलेलं नाही. व्हेलला श्वास घ्यायला वर यावंच लागतं, हे मी अजूनही म्हणते. पण तुझ्यानंतर आवाज द्यायला कोणी नाही, आणि माझी इंग्रजी भुरीला कळत नाही. हसलीस ना? हसच. मलाही हसू येतंय. विमानतळावर वाक्य हरवलं होतं तसं आजही हरवलं आहे, आणि डोंगर करून दाखवायला तू शेजारी नाहीस. तुझी बोली मी जन्मभर ऐकली, एक वाक्यही त्यात कधी बोलले नाही.

"थांबा, मोठे बाबा," मी म्हटलं. त्यांनी वाकल्या वाकल्याच वर पाहिलं. शांताकाकूनं बादली खाली ठेवली. मी पाळीच्या अगदी कडेला गेले, एक हात तोंडाशी धरला, आणि पलीकडच्या टोलीपर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं ओरडले:

"ये वं माय ऽऽ ये! घरी चाल वं भुरे, ये ऽऽ!"